हिरवी तार

पहिलं कोटेशन मी लिहिलं
बँकेच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला,
खारेगावातल्या एका घरासाठी.
पॉइंट चोवीस, पंखे तीन, गिझर एक.
लाल तार मोजली, काळी मोजली,
हिरवी राहिली.
श्रीरंग म्हणाला, असू दे, शब्द दिलाय.
नफा धरला होता अडतीसशे,
हिरवीला लागले बेचाळीसशे.
चारशे रुपये भरून
आम्ही धंद्यात उतरलो.

तेव्हापासून वाटणी ठरली :
तो वायर ओढतो, मी पैसे ओढते.
त्याच्याकडे स्प्रिंग आहे,
पाइपातून जाते, कोपऱ्यावर वळते,
पलीकडे टोक दिसतं.
माझ्याकडे फोन.
मॅडम, चेक बनलाय, सही राहिलीये.
मॅडम, सही झालीये, साहेब गावाला गेलेत.
मॅडम, कोणतं बिल म्हणालात?

स्कूटरच्या पायाशी बसणारी शिडी
टेम्पोत गेली.
टेम्पो वागळे इस्टेटच्या अर्ध्या गाळ्यासमोर लागला;
उरलेल्या अर्ध्यात एक सुरती काका
रबराचे वायसर पाडतात,
आमच्या चहालाही त्याचा वास.
बालासोरचा रतिकांत आला, मुंब्र्याचा अनीस,
मग आयटीआयची प्रज्वला,
जिला उंचीची भीती वाटत नाही,
फक्त साइट इंजिनीअरनं ‘ताई’ म्हटलं की वाटते.

आणि शनिवार आला.
शनिवार हा वार नाही, ती रक्कम आहे.
एकदा मुलाच्या क्लासची फी
शनिवारात गेली.
तो म्हणाला, बरं झालं.

मग घोडबंदर रोडचा टॉवर.
बावीस मजले, अठ्ठ्याऐंशी फ्लॅट,
आणि मॅनेजर, आवाज मऊ,
बशीत बिस्किट भिजवत म्हणाला :
भिंतीच्या आत कोण बघतंय, वहिनी?
हिरवी पॅनेलपासून पहिल्या बोर्डापर्यंत न्या,
पुढे प्रत्येक सॉकेटला
वीतभर तुकडा खोचा. दिसण्यापुरता.

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं.
हिशेब माझ्याकडे असतो.
त्याचं बिस्किट बशीत विरघळायच्या आत
माझा गुणाकार झाला होता.
मी तो पुन्हा एकदा केला.
हे लिहून ठेवते,
कारण नंतर सगळेच सांगतात
की आम्ही ताबडतोब नाही म्हटलं.

मग म्हटलं, आमच्याकडे तुकडे नसतात,
बंडलच येतं.

काम गेलं.
चार महिने सोसायट्यांच्या जिन्यातले दिवे,
पिठाच्या गिरणीची मोटार,
एका डोसेवाल्याचा जळका बोर्ड.
अनीस गेला. त्याच टॉवरवर लागला.
चौदाव्या मजल्यावरून
त्यानं खाडीचा फोटो पाठवला,
संध्याकाळचा, पाणी तांब्याच्या रंगाचं.
मी ‘छान’ लिहिलं.
हिरवीचं विचारलं नाही.

आता कोटेशन कॉम्प्युटरवर होतं.
पहिली ओळ हिरव्या तारेची.
गिऱ्हाईक विचारतं, ही वर का?
मी म्हणते, सवय.
रोज काहीच न करणाऱ्या वस्तूचे पैसे
समजावून सांगायला
माझ्याकडे अजून वाक्य नाही.

परवा खारेगावातून त्याच बाईंचा फोन :
गिझर लावला की बटण पडतंय,
तुमच्या वायरिंगमध्ये काहीतरी बिघडलंय.
श्रीरंग जेवता जेवता उठला.
तासाभरानं परत आला,
हात धुऊन पुन्हा ताटावर बसला.
कॉइल फुटली होती, म्हणाला,
करंट पाण्यात उतरत होता.
बटण नीट पडत होतं.
मग आमटीत भात कालवत,
तार अजून घट्ट आहे गं.

मी बिल केलं :
येण्याजाण्याचे अडीचशे,
तपासणीचे दीडशे.

बाईंनी पन्नास कमी दिले.